भारतीय विद्युज्जालाचें स्थैर्य : कांहीं साधनें व त्यांचें परीक्षण

(१) विषय व साधनें

विजेचें जाळें हा इतिहाससंशोधकाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु ज्या व्यवहाराचा आरंभ या देशांत सव्वाशें वर्षांपूर्वीं झाला, ज्याच्या नोंदी रोज व क्षणोक्षणीं ठेवल्या जातात, आणि ज्याच्या अपघातांची चौकशी होऊन अहवाल प्रसिद्ध होतात, तो व्यवहार संशोधनाच्या कक्षेबाहेर ठेवण्यास आम्हांस तरी कारण दिसत नाहीं. सांप्रत कोळशाकडून सूर्य व वारा यांकडे जें स्थित्यंतर चाललें आहे, त्यांत देशाचें विद्युज्जाल, म्हणजे लोकव्यवहारांतील ग्रिड, टिकेल कीं नाहीं हा वाद वारंवार ऐकूं येतो. एक पक्ष म्हणतो, सूर्य मावळतो व वारा पडतो, म्हणून त्यांवर विसंबणारें जाळें एक दिवस कोसळणारच. दुसरा पक्ष म्हणतो, ही भीति जुन्या धंद्याचे लोक मुद्दाम पसरवितात. दोन्ही पक्ष आपापल्या मतासाठीं एखादा अपघात पुढें करतात. त्या अपघाताचे कागद वाचण्याची तसदी मात्र थोडे घेतात. आमच्या मतें हा वाद प्रथम पुराव्याचा आहे व मागाहून मतांचा. म्हणून या लेखांत उपलब्ध साधनांची छाननी करून त्यांतून काय निष्पन्न होतें तें मांडण्याचें योजिलें आहे.

साधनें चार वर्गांचीं आहेत. पहिला वर्ग रोजच्या नोंदींचा : भार प्रेषण केंद्रांत टिपले जाणारे वारंवारता, दाब व प्रवाह यांचे आंकडे. यांस आपल्याकडील रोजकीर्दीची उपमा शोभेल. दुसरा वर्ग चौकशी-समित्यांच्या अहवालांचा. तिसरा वर्ग कायदे व नियमावल्या यांचा. चौथा वर्ग वीजघरांतील टिपणवह्या, यंत्रांचे नकाशे, पत्रव्यवहार व नोकरवर्गाच्या आठवणी यांचा. पहिले तीन वर्ग बहुतांशीं प्रसिद्ध आहेत. चौथा सर्वांत विस्कळित व म्हणून सर्वांत नाशवंत. त्याविषयीं शेवटीं लिहूं.

(२) पूर्वपीठिका

दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथें १८९७ सालीं पाण्याच्या बळावर वीज काढण्यांत आली. १९०२ सालीं कावेरीवरील शिवसमुद्रम् येथून सुमारें ९२ मैल दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींस वीज पोंचली. आपल्या सह्याद्रींत टाटांच्या कंपनीनें १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू केलें. लोणावळें, वळवण व शिरवतें येथील तलावांचें पाणी घाटाखालीं उतरवून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. पुढें १९२२ सालीं भिवपुरी व १९२७ सालीं भिरा हीं वीजघरें झालीं. भिऱ्यास पाणी पुरविणाऱ्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापति बापट प्रभृतींनीं सत्याग्रह चालविला, हें सर्वश्रुत आहे. हा प्रसंग येथें केवळ ओघानें आलेला नाहीं. सांठविलेलें पाणी ही जाळ्याच्या स्थैर्याची किती मोठी ठेव आहे हें पुढें दिसून येईल. आणि ती ठेव कोणाच्या बुडालेल्या जमिनीवर उभी आहे याची नोंद त्याच खात्यांत असली पाहिजे, एवढ्यासाठींच हा उल्लेख केला.

हीं केंद्रें प्रारंभीं एकेकटीं होतीं. एखादें बंद पडलें तर त्याच्यावर अवलंबून असलेलें गांव वा गिरणी तेवढी अंधारांत जाई; दुसऱ्यास त्याची झळ लागत नसे व दुसऱ्याचें साहाय्यहि मिळत नसे. १९४८ च्या विद्युत् पुरवठा कायद्यानें प्रांतोप्रांतीं विद्युत् मंडळें स्थापण्याची तरतूद केली. पुढें देशाचे उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व व ईशान्य असे पांच विभाग पडले व प्रत्येक विभागाचें जाळें निराळें वाढूं लागलें. महाराष्ट्रांत १९५६ सालीं तुर्भ्याचें औष्णिक केंद्र व १९६२ सालीं कोयनेची वीज यांची भर पडली. या विभागांच्या एकीकरणाची शकावली थोडक्यांत अशी देतां येते :

१९८९ : विंध्याचल येथें पश्चिम व उत्तर यांमध्यें एकदिश प्रवाहाचा दुवा.

१९९१, ऑक्टोबर : पूर्व व ईशान्य हे विभाग एकलय झाले.

१९९७ : चंद्रपूर जिल्ह्यांत भद्रावती येथें पश्चिम व दक्षिण यांमध्यें एकदिश प्रवाहाचा १,००० मेगावॉटांचा दुवा.

२००३, मार्च : पश्चिम विभाग पूर्वेशीं एकलय झाला.

२००६, ऑगस्ट : उत्तर विभाग त्यांस मिळाला.

२०१३, डिसेंबर ३१ : रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टांच्या वाहिनीनें दक्षिण विभाग मिळून सर्व देशाची एक वारंवारता झाली.

एकदिश दुव्यांतून वीज पलीकडे जाते, पण दोन्ही जाळ्यांची नाडी निराळीच राहते. एकलय जोडणींत मात्र नाडी एक होते. हा भेद ध्यानांत ठेविला नाहीं तर पुढील अपघातांचा अर्थ लागत नाहीं. उत्तर व दक्षिण यांस सांधणारी वाट सोलापुरावरून गेली, याचें महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवल वाटूं नये.

(३) पन्नासाचा आंकडा

एकलय जाळ्यांतील सर्व जनित्रें एका तालावर फिरतात. आपल्या देशांत हा ताल सेकंदास ५० आवर्तनांचा आहे. आपल्या जुन्या कालमापनांत सांगावयाचें तर २४ सेकंदांच्या एका पळांत १,२०० आवर्तनें होतात. कोळशाच्या केंद्रांतील जनित्र या तालानें मिनिटास ३,००० फेरे घेतें. मागणी निर्मितीपेक्षां वाढली कीं सर्व देशांतील चक्रें मंदावतात. निर्मिति वाढली कीं तीं वेग घेतात. यास्तव वारंवारता हा सबंध देशाच्या जमाखर्चाचा एका आंकड्यांत मांडलेला ताळेबंद होय.

या आंकड्याचा जुना इतिहास अभिमानास्पद नाहीं. विभाग निराळे होते त्या काळीं तो ४८ पासून ५२ पर्यंत कोठेंहि भटकत असे. मागणीच्या वेळीं प्रत्येक राज्य आपल्या वांट्याहून अधिक वीज ओढी, आणि रात्रीं गरज नसतांना निर्मिति कमी करण्यास कोणी तयार नसे. पत्रें जात, सूचना होत, बैठका भरत. आंकडा मात्र जागेवर येत नसे. त्याचें कारण साधें होतें. मर्यादा मोडणाऱ्यास तोटा नव्हता व पाळणाऱ्यास लाभ नव्हता.

१ जुलै २००२ रोजीं पश्चिम विभागांत उपलब्धतेवर आधारलेली दरपद्धति लागू झाली. त्याच सालच्या डिसेंबरांत ती उत्तरेस, १ जानेवारी २००३ रोजीं दक्षिणेस व त्याच वर्षीं एप्रिलांत पूर्वेस गेली. या पद्धतींत दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागासाठीं कोणी किती वीज द्यावी व कोणी किती घ्यावी याचें वेळापत्रक आदल्या दिवशीं ठरतें. ठरल्याहून जो ढळेल त्याचा हिशेब त्या क्षणींच्या वारंवारतेवरून होऊं लागला. आंकडा ५०.५ वर गेला असतां अधिक दिलेल्या विजेस कांहींच मोल मिळेना. तो ४९ च्या जवळ आला असतां अधिक ओढणाऱ्यास सर्वांत जबर दर पडूं लागला. जें काम विनवण्यांनीं झालें नाहीं तें या हिशेबानें केलें, आणि आंकडा थोड्याच काळांत पन्नासाच्या आसपास आला. नियमावलीनेंहि मर्यादा क्रमाक्रमानें आंवळली : २००० सालीं ती ४९.० ते ५०.५ होती, २०१० सालीं ४९.५ ते ५०.२ झाली, व २०१४ पासून ४९.९० ते ५०.०५ अशी आहे.

येथपर्यंतचा पुरावा पाहून कोणीहि म्हणेल कीं, वारंवारता सुधारली म्हणजे जाळें सुरक्षित झालें. हाच समज २०१२ सालीं फसला.

(४) एका साक्षीचा दोष

३० जुलै २०१२ रोजीं पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनीं उत्तर विभागाचें जाळें कोसळलें व सुमारें ३६,००० मेगावॉटांचा भार अंधारांत गेला. तें सावरून होतें न होतें तोंच ३१ जुलै रोजीं दुपारीं एकच्या सुमारास उत्तर, पूर्व व ईशान्य असे तिन्ही विभाग कोसळले. या वेळचा भार सुमारें ४८,००० मेगावॉटांचा होता. या तीन विभागांत सुमारें ६० कोट लोक राहत होते. रेल्वे उभ्या राहिल्या व खाणींत मजूर अडकले.

चौकशी-समितीनें आपला अहवाल १६ ऑगस्ट २०१२ रोजीं दिला. त्यांतील दोन आंकड्यांकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. पहिला अपघात होण्याच्या क्षणीं वारंवारता ४९.६८ होती, व दुसऱ्याच्या आधीं ती ४९.८४ होती. म्हणजे ज्या रोजकीर्दीवर सर्वांची भिस्त होती तींत धोक्याचें असें कांहींच लिहिलेलें नव्हतें. दहा वर्षांपूर्वींच्या ४८ शीं ताडून पाहतां हे आंकडे उत्तमच म्हणावे लागतील.

मग जाळें कां कोसळलें? अहवालाप्रमाणें, पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या बीना–ग्वाल्हेर–आग्रा या ४०० किलोव्होल्टांच्या मार्गावरील एक वाहिनी ७६५ किलोव्होल्टांवर नेण्याच्या कामासाठीं बंद होती. इतरहि कित्येक वाहिन्या त्या वेळीं कामांत नव्हत्या. पश्चिम विभाग आपल्या वेळापत्रकाहून कमी वीज घेत होता व उत्तर अधिक ओढीत होता. त्यामुळें उरलेल्या एकाच वाहिनीवर भार लोटला. तिच्यांत बिघाड झालेला नव्हता. पण वाढलेला प्रवाह व घसरलेला दाब पाहून तिच्या रक्षक रिलेनें दूरवर कोठेंतरी बिघाड झाला असें मानलें व वाहिनी तोडली. मग वीज पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेस जाऊं लागली, दोन टोंकांतील चक्रांचा ताल विसंगत झाला, व दुवे एकामागून एक तुटले. वारंवारता घसरतांच कांहीं भार आपोआप तोडून जाळें वांचविण्यासाठीं उत्तरेंत जे रिले बसविलेले होते, त्यांनीं अपेक्षित साहाय्य दिलें नाहीं, असेंहि समितीनें नमूद केलें आहे. दोन्ही दिवशीं पश्चिम विभाग उभा राहिला. दक्षिण विभाग तेव्हां एकदिश दुव्यांनींच जोडलेला असल्यामुळें तोहि वांचला.

वारंवारता देशाचा एकंदर जमाखर्च सांगते. तो माल कोणत्या वाटेनें जात आहे व त्या वाटेवर किती ओझें आहे हें ती सांगत नाहीं. साक्षीदार खरें बोलत होता, पण त्यानें पाहिलें होतें तेवढेंच तो सांगत होता. बखर व अस्सल पत्रें, शकावली व महजर हीं परस्परांशीं ताडून पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये, हा जो दंडक आपण आपल्या क्षेत्रांत पाळतों, तोच येथें लागू पडतो. या अपघातानंतर दूरदूरच्या उपकेंद्रांतील दाब, प्रवाह व कला यांचें मोजमाप एका घड्याळावर सेकंदास २५ वेळां टिपणारीं यंत्रें देशभर बसविण्याच्या कामास वेग आला. हा दुसऱ्या साक्षीचा शोध होता.

सर्वांत महत्त्वाचें तें हें. हा अपघात घडला तेव्हां सूर्य व वारा यांचा वांटा अल्प होता. जाळें कोळसा व पाणी यांवर उभें होतें. पहिला अपघात तर पहांटेपूर्वींचा आहे. तेव्हां जड चक्रें पुष्कळ असलीं म्हणजे जाळें कोसळत नाहीं, हा पहिल्या पक्षाचा सिद्धांत या पुराव्यापुढें टिकत नाहीं.

(५) नऊ मिनिटें

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. महामारीच्या टाळेबंदींत ५ एप्रिल २०२० रोजीं रात्रीं ९ वाजतां नऊ मिनिटें घरांतील दिवे मालवावे, असें आवाहन पंतप्रधानांनीं त्याआधीं दोन दिवस केलें होतें. अंदाज सुमारें १२ ते १४ हजार मेगावॉटांच्या घटीचा होता. प्रत्यक्षांत मागणी ३१,०८९ मेगावॉटांनीं उतरली व दिवे लागतांच पुन्हा चढली. तरी वारंवारता ४९.७० ते ५०.२६ या मर्यादेंत राहिली व कोणताहि विभाग अंधारांत गेला नाहीं.

हें साधलें कसें, याचेंहि टिपण प्रसिद्ध आहे. भार प्रेषण केंद्रांनीं जलविद्युत् केंद्रें आधींच पूर्ण जोरावर आणून ठेविलीं होतीं व नेमक्या वेळीं त्यांची निर्मिति १७,५४३ मेगावॉटांनीं उतरविली. पाण्याचें चक्र मिनिटांत उतरवितां व चढवितां येतें. कोळशाच्या बाष्पकास तें जमत नाहीं. तेव्हां २०१२ सालीं कोणी न कळवितां उद्भवलेल्या लहानशा विसंगतीनें देशाचा अर्धा भाग अंधारला, आणि २०२० सालीं आधीं कळलेला, अंदाजाच्या दुपटीहून मोठा धक्का जाळ्यानें सोसला. हे दोन कागद शेजारीं ठेवून वाचले असतां पूर्वसूचना, राखीव पाणी व एकाच हुकुमाखालीं सर्वांनीं वागणें, या तीन गोष्टींचें मोल स्पष्ट होतें.

(६) ग्रहण, सूर्य व न फिरणारीं यंत्रें

जानेवारी २०२५ मध्यें देशांतील सौरविजेची क्षमता १,००,००० मेगावॉटांच्या पुढें गेली, व त्याच सालच्या जूनपर्यंत एकूण क्षमतेपैकीं निम्मी जीवाश्म इंधनांवांचून चालणाऱ्या केंद्रांची झाली. प्रत्यक्ष निर्मितींत मात्र २०२४–२५ या वर्षीं कोळशाचा वांटा अजूनहि शेंकडा ७० हून अधिक होता. क्षमता व निर्मिति हे दोन आंकडे एकमेकांच्या जागीं वापरण्याची चूक वर्तमानपत्रांत नित्य होते. संशोधकानें ती टाळावी. ३० मे २०२४ रोजीं देशाची मागणी २,५०,००० मेगावॉटांस पोंचली होती, हेंहि येथें नमूद करतों.

सूर्य मावळतो ही अडचण खरी आहे. पण ती अनपेक्षित नाहीं. आपल्या वाचकांस ताम्रपटांतील सूर्यग्रहणाचे उल्लेख परिचित आहेत. दानाची तिथि व ग्रहण यांचा मेळ घालून कित्येक लेखांचा काल निश्चित झाला आहे. तेंच गणित आतां भार प्रेषण केंद्रांत चालतें. २६ डिसेंबर २०१९ चें कंकणाकृति ग्रहण दक्षिणेंतून व २१ जून २०२० चें राजस्थानादि उत्तरेकडील प्रांतांतून गेलें. दोन्ही वेळीं सौरनिर्मिति किती उतरेल व केव्हां परतेल याचें टिपण आधींच तयार झालें होतें आणि ग्रहण निर्विघ्न पार पडलें. रोजचा सूर्यास्त तर पंचांगांतच आहे. त्या वेळीं सौरवीज उतरते व दिव्यांची मागणी चढते. ती दरी पाणी, विद्युत्-घट व कोळशाचीं केंद्रें यांनीं भरावयाची असते. याच कारणें कोळशाच्या केंद्रांस दुपारीं आपली निर्मिति ५५ टक्क्यांपर्यंत उतरविण्याची संवय लावण्यांत आली, व २०२३ च्या नियमांनीं ती ४० टक्क्यांपर्यंत नेण्याचें ठरविलें. आपल्याकडे भंडारदऱ्यानजीक घाटघर येथें २५० मेगावॉटांचें उदंचन केंद्र २००८ पासून आहे. स्वस्त विजेच्या वेळीं पाणी वर चढवावें व मागणीच्या वेळीं खालीं सोडावें, अशी त्याची रीत. भिऱ्यासहि १५० मेगावॉटांचें असें एक यंत्र आहे.

खरी नवी गोष्ट निराळी आहे. फिरणारें जड चक्र आपल्या वेगांत शक्ति सांठवून असतें. एखादें मोठें केंद्र अकस्मात् बंद पडलें तर ही शक्ति कांहीं सेकंद उसनी मिळते, व तेवढ्या अवधींत इतर केंद्रांचीं द्वारें उघडतात. हें कोणी सांगावें लागत नाहीं. तो वस्तूचा धर्मच आहे. सौरपट्टीस चक्र नाहीं. तिची वीज इन्व्हर्टर नांवाच्या यंत्रांतून जाळ्यांत येते, आणि तें यंत्र त्यांत जी आज्ञा लिहिली असेल तेंच करतें. दाब घसरतांच वेगळें हो, अशी आज्ञा असेल तर तें वेगळें होईल. टिकून राहा व दाब सावर, अशी असेल तर तसें करील. जें पूर्वीं वजनानें होत असे तें आतां लेखानें व्हावयाचें आहे, म्हणून नियमावलीचें महत्त्व या स्थित्यंतरांत घटलें नसून कैक पटींनीं वाढलें आहे. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें आपल्या जोडणी-नियमांत २०१३ व २०१९ सालीं ज्या दुरुस्त्या केल्या त्यांतील हेतु हाच. परंतु नियम लिहिला म्हणजे पाळला गेला असें होत नाहीं. २०२२ सालीं राजस्थानांत दाबाची चढउतार होतांच हजार मेगावॉटांहून अधिक सौर व पवनवीज एकदम निघून गेल्याचे प्रसंग वारंवार घडले. चौकशींत कित्येक केंद्रें टिकून राहण्याच्या नियमाप्रमाणें वागलीं नाहींत असें आढळलें.

परदेशचा एक दाखला येथें अप्रस्तुत होणार नाहीं. २८ एप्रिल २०२५ रोजीं दुपारीं १२ वाजून ३३ मिनिटांनीं स्पेन व पोर्तुगाल या देशांचें जाळें कोसळलें. सुमारें १५,००० मेगावॉट कांहीं सेकंदांत नाहींसे झाले. त्या वेळीं सौरवीज विपुल होती, म्हणून दोष सूर्याचा असा निकाल त्याच दिवशीं लागला. मागाहून आलेल्या अहवालांनीं दाखविलें कीं, दाब वाढत गेला व त्या वाढीमुळें केंद्रें एकामागून एक सुटत गेलीं. दाब सावरण्याचें काम ज्या जुन्या पद्धतीच्या केंद्रांकडे होतें त्यांनीं तें पुरेसें केलें नाहीं, असें तेथील सरकारी अहवालानें म्हटलें. आणि बहुतेक सौर व पवन केंद्रांवर तें काम नियमानें सोंपविलेलेंच नव्हतें. म्हणजे २०१२ सालीं आपल्याकडे वाहिनीवरील ओझें न पाहण्यानें जें झालें, तें तेथें दाब न आवरण्यानें झालें. दोन्ही ठिकाणीं नेहमींची साक्ष ठीक होती, व जी विचारली गेली नाहीं तींत सत्य होतें.

(७) मुंबईचें बेट

जुन्या तरतुदींविषयीं एक दाखला देऊन निष्कर्षाकडे वळतों. बाहेरचें जाळें कोसळूं लागल्यास मुंबई त्यापासून वेगळी करून तिच्या स्वतःच्या केंद्रांवर चालवावी, अशी व्यवस्था १९८१ पासून होती. ही मुंबईची बेट-योजना होय. तिनें शहरास अनेकदां वांचविलें व तिचा लौकिक मोठा झाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास कळवें–पडघें भागांतील एक वाहिनी आधींच बंद असतां इतर वाहिन्या सुटल्या. बेट वेगळें होऊं पाहत होतें. पण शहराची मागणी व शहरांत त्या वेळीं चालूं असलेली निर्मिति यांचें प्रमाण जुळलें नाहीं, व बेटहि अंधारांत गेलें. लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. योजना कागदावर होती तशीच होती. तिच्याभोंवतीचें शहर वाढलें होतें व आंतील वीजघरांचा वापर बदलला होता. किल्ल्यांत धान्य किती व शिबंदी किती याचा झाडा दरसाल घेतला नाहीं तर तट मजबूत असून काय उपयोग, हें आपल्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

(८) निष्कर्ष व एक विनंति

वरील साधनांवरून आम्ही पुढील निर्णयास येतों. पहिला, भारतीय जाळ्याचे मोठे अपघात कोणत्या इंधनानें वीज होते यामुळें घडल्याचा पुरावा नाहीं. ते मर्यादा मोडण्यानें, वाटेवरील ओझें न पाहण्यानें व रक्षक साधनें तपासून न ठेवण्यानें घडले. दुसरा, सूर्य व वारा यांच्या आगमनानें या जबाबदाऱ्या हलक्या झालेल्या नाहींत. जड चक्रें आपोआप करीत असत तें काम आतां लिहून, तपासून व दंडाच्या धाकानें करवून घ्यावें लागेल, आणि जेथें हें टाळलें जाईल तेथें पहिल्या पक्षाचें भाकित खरें ठरेल. तिसरा, पन्नासाचा आंकडा हा उत्तम साक्षीदार आहे, पण एकटा पुरेसा नाहीं. दाब व वाहिनीवरील भार यांच्या नोंदी त्याच्या जोडीस ठेवून वाचल्या पाहिजेत.

हे निर्णय अर्थात् उपलब्ध कागदांपुरते आहेत. वर सांगितलेल्या चौथ्या वर्गाचीं साधनें हातीं आल्यास त्यांत भर पडेल, क्वचित् फेरहि होईल. जेधे शकावलींतील एका ओळीनें शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादास कसें वळण दिलें तें आपण जाणतों. वीजघरांतील रात्रपाळीच्या टिपणवहींतील एखादी ओळ तसेंच काम करूं शकेल : कोणती वाहिनी केव्हां सुटली, फोन कोणी केला, द्वार किती उघडलें. जुनीं वीजघरें बंद होत आहेत. यंत्रें भंगारांत जातात तेव्हां वह्या रद्दींत जातात, आणि यंत्रास निदान वजनाची किंमत येते. ठाकुर्लीचें रेल्वेचें वीजघर केव्हांच बंद झालें. येत्या वीस-पंचवीस वर्षांत कोळशाचीं कित्येक केंद्रें त्याच वाटेनें जातील.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, जुन्या घराण्यांच्या दप्तरांसाठीं आपण जशी पायपीट करतां तशी थोडी या वह्यांसाठींहि करावी. खोपोली, भिवपुरी, भिरा, पोफळी, कोराडी, परळी, भुसावळ या गांवीं निवृत्त झालेलीं माणसें अद्यापि आहेत. त्यांच्याकडील टिपणें, नकाशे व फोटो पाहावे, शक्य तेथें नकला कराव्या, व प्रत्येक कागद कोठून व केव्हां मिळाला याची नोंद त्याच्यासोबत ठेवावी. सन १९१५ पासून आजवर सह्याद्रीच्या पाण्यानें व विदर्भाच्या कोळशानें हें जाळें उभें ठेवणाऱ्यांचा इतिहास त्यांवांचून पुरा होणार नाहीं. आणि पुढें सूर्याच्या बळावर तें उभें ठेवूं पाहणाऱ्यांसहि, मागें कोणती चूक कोणत्या क्षणीं झाली, हें जाणून घेण्यास त्यांवांचून दुसरा आधार नाहीं.